मासा

ओर्बायो म्हणतात इथे त्या पावसाला
जो पडत नाही, नुसता असतो.
त्यात उभी, उताराच्या रुळांवर ओढून घेतलेली
शिनाण्यांची बोट. कमरेपाशी पत्रा सडलाय.
वरचा हिरवा रंग पाच थरांचा,
पाच मालकांचा.

मी जस्ताचे ठोकळे विकायला आलेला माणूस.
मापं घेऊन झाली होती, तरी थांबलो.

केबलची जाड शेपटी असलेल्या त्या चपट्या चुंबकाला
गालिसियातली ही माणसं मासा म्हणतात.
कणकेच्या गोळ्यालाही मासाच.
मला मात्र ऐकताक्षणी पाण्यातला दिसला.
आमच्याकडच्या वर्कशॉपात त्याला अर्थ म्हणतात.
अर्थ लावलास का रे, असं विचारतात
आणि कोणी हसत नाही.

उशियाने मासा सरळ रंगावरच ठेवला.
टक्क.
हलवून पाहिला, हलेना. तिचं समाधान झालं.
रॉड टेकवला तर नुसती चरचर,
थुंकल्यासारख्या ठिणग्या, मग काहीच नाही,
आणि तिकडे माशाच्या पोटाखाली
निळं काहीतरी चावत होतं.

"चिकटलाय, पण लागला नाही!"
एलादिओ ओरडला, खडूच्या रेषेमागून.

खरंच. चुंबकाला सगळं चालतं,
रंग, गंज, वाळलेलं शेवाळ.
विजेला उघडं लोखंड हवं,
परत जायला.
परतता येत नसेल तर ती निघतच नाही मुळी.

तिने ग्राइंडरने तळव्याएवढी जागा घासली,
पाचही मालक उडाले धुरळ्यात,
खाली पांढरा, थंड पत्रा.
मासा पुन्हा टक्क. आवाज तोच.
पण आता ज्योत अशी बसली
जशी कढईत बोंबलाची तुकडी.

रेषा रोज सकाळी उशियाच काढते.
दुपारपर्यंत ओर्बायो ती पुसतो
आणि एलादिओची खुर्ची बोटाबोटाने पुढे सरकते.
मार्चमध्ये त्याच्या गळ्याच्या हाडाखाली
डबीएवढं यंत्र शिवलंय, ठोके मोजून देणारं.
डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं,
वेल्डिंग नाही. चुंबक तर नाहीच.

एकतीस वर्षं संध्याकाळी केबल सोडवून
हाच मासा तो घरी न्यायचा, चोरांच्या भीतीने,
कोटाच्या डाव्या खिशात.
बसमध्ये दांडीकडे झुकायचा म्हणे,
आणि बायका समजायच्या, प्यालाय.

"जोडाच्या इतक्या जवळ नको,
जवळ असला की ज्योत वाकडी जाते.
हातभर लांब ठेव.
तिथूनही पोचतं सगळं."
एवढं बोलून तो गप्प झाला
आणि खुर्ची आपणच
थोडी मागे घेतली.

शेवटी सुकाणूघराच्या दाराची बिजागरी राहिली होती,
तीही झाली. खपल्या झाडल्या. शनिवारी बोट उतरली.

सोमवारी मालक मोन्चो तणतणत आला.
दोन दिवस होकायंत्र भिंतीकडे तोंड करून बसलेलं,
उत्तर कुठे विचारलं की म्हणे, ही काय, इथे.
भिंतीमागे पाहतो तर मासा.
एका हातात तो, दुसऱ्या हातात शिनाण्यांची पिशवी,
शिव्या आणि भेट एकदमच.
सवयीने निघाला एलादिओकडेच द्यायला.

उशिया मध्ये आली.
"पिशवी त्यांना. तो माझ्याकडे."

माशाच्या पोटाला लोखंडी किसाची दाढी वाढली होती.
ती फडक्याने पुसत बसली,
पुसावा तेवढा कीस पुन्हा तिथेच.
आणि रेषेमागून एलादिओ,
मांडीवर गार, गळकी पिशवी,
"डावीकडे राहिलंय. अजून.
अजून थोडं डावीकडे."